घरातलं कोणीतरी फितूर आहे

किटली खाकरली.

अगदी माणसासारखी. आत दोघं हळू आवाजात काही बोलत असावीत आणि तिसऱ्या भल्या माणसाने दारातूनच 'अहो, मी आलोय बरं का' एवढं कळवावं, तशी. पाणी उकळलं होतं. स्वयंपाकघरात खुर्चीवाला एकटा उभा होता आणि त्याच्या पायाखालची फरशी सरकली. वाळू तिथे नव्हती.

खुर्चीवाला हे त्याचं इमारतीतलं नाव. त्याच्या घरी सतत खुर्च्यांचे खोके चढवले जात आणि महिन्याभराने तेच खोके उतरवले जात, त्यावरून शेजाऱ्यांनी ठेवलेलं. त्याचा धंदा वस्तूंवर लिहिण्याचा. एका मासिकात दर महिन्याला त्याचा लेख येई: कुठली खुर्ची पाठीशी वैर धरते, कुठल्या दिव्याचं बटण दिवा लावल्याशिवाय सापडत नाही, कुठला नळ डावखुऱ्या माणसांचा सूड घेण्यासाठीच घडवलाय. वापरल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून कंपन्या वस्तू घरी पाठवत आणि तो त्या महिनाभर वापरी, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच वापराव्या लागत. एकदा तीन पायांच्या खुर्च्या आल्या, तेव्हा सासऱ्यांनी महिनाभर उभ्याने पेपर वाचला. लेख एकदा पाठवला की मात्र तो विसरून जाई. छापून आलेला स्वतःचा लेख त्याने कधी वाचला नव्हता. बोलून झालेलं भांडण कोण पुन्हा ऐकतं, असं त्याचं म्हणणं.

त्याचा दुसरा धंदा कादंबऱ्यांचा. त्यात अजून न आलेले काळ असत आणि त्या काळांतल्या, अजून न झालेल्या वस्तू असत. सध्याची कादंबरी होती एका शहराची. तिथल्या माणसांनी एकमेकांना अवघड गोष्टी सांगणं सोडून दिलंय आणि ते काम वस्तूंवर सोपवलंय. 'आता निघा' हे पाहुण्याला खुर्ची सांगते. 'आपलं अजून मिटलेलं नाही' हे छत्री सांगते. आणि तिसऱ्या प्रकरणात एक किटली आहे. ती शिट्टी वाजवत नाही. खाकरते.

ही कादंबरी छापली गेली नव्हती. लिहूनसुद्धा पुरी झाली नव्हती. आणि इथे ओट्यावर, नुकतीच खोक्यातून निघालेली, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली एक स्टीलची किटली दुसऱ्यांदा खाकरत होती.

"कोण आलंय?" बाहेरून सासऱ्यांनी विचारलं.

"किटली," खुर्चीवाला म्हणाला.

"मग ये म्हणावं आत. उंबऱ्यात काय उभी राहिलीय?"

खुर्चीवाला गॅस बंद करून स्टुलावर बसला आणि हिशेब करू लागला. ही किटली जगात फक्त त्याच्या डोक्यात आणि कागदावर होती. कागदावरचं कोणाला माहीत होतं?

पहिली बायको. म्हणजे बायको एकच होती, संशयितांत तिचा नंबर पहिला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी चहानंतर तो आदल्या दिवशी लिहिलेलं तिला वाचून दाखवी. ती बुटांच्या नाड्या बांधत, केस वर घेत, डबा भरत ऐके आणि अधूनमधून 'हं' म्हणे. बस, एवढंच. पण त्या 'हं'वर त्याची सगळी मांडणी उभी होती. 'हं' लवकर आलं तर परिच्छेद टिकला, उशिरा आलं तर कापला, आणि डबा भरता भरता तिचा हात थांबून मग आलं, तर त्या दिवशी तो दुपारी झोपत नसे. ते 'हं' ऐकल्याशिवाय त्याला पुढचं वाक्यच सुचत नसे. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. भाव वाढेल अशी भीती होती.

दुसरे सासरे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जिन्यांखाली वाकून विजेचे मीटर तपासले होते. त्यामुळे कोणाच्याही घरी गेले की ते यजमानाआधी कोपऱ्यात बघत. वाचन चालू असताना ते सोफ्यावर डोळे मिटून पडलेले असत. झोपलेले कधीच नसत. शिवाय रोज संध्याकाळी फिरायला जात आणि बाकावर भेटेल त्याला भेटेल ते सांगत.

तिसरा प्रकाशक. त्याच्याकडे कादंबरीचा पहिला अर्धा भाग होता. तो मासिकं वाचत नसे, वर्तमानपत्रं वाचत नसे आणि स्वतः छापलेल्या पुस्तकांबद्दलही फारसं आश्वासन देत नसे.

मनात शंकेची पाल चुकचुकते, असं लोक म्हणतात. खुर्चीवाल्याच्या मनात ती चुकचुकून थांबली नाही. तिने तिथे बिऱ्हाड थाटलं.

एखाद्या किटलीचा योगायोग असू शकतो, असं त्याने आठवडाभर स्वतःला समजावलं. मग बाजारात त्याला छत्री दिसली. दीड माणसाची. एका बाजूला पूर्ण, दुसऱ्या बाजूला अर्धी, दांडा मधोमध नाही. पाचव्या प्रकरणात अगदी हीच छत्री होती: भांडण झालेल्या जोडप्यासाठी, जे एकत्र निघालंय पण बरोबर नाही. दुकानदार म्हणाला, "फार चाललीय, साहेब. नवरे अर्ध्या बाजूला उभं राहून बघतात आणि काही न बोलता घेऊन जातात."

आणि मग दातांच्या डॉक्टरकडे तो आपली पाळी येईतो बाहेर बसला असताना त्याची खुर्ची हळूहळू पुढे झुकू लागली. इतकी हळू, की आधी त्याला वाटलं आपल्यालाच जाण्याची इच्छा होतेय. मग गुडघे टेकले. समोरची बाई आधीच जमिनीवर होती आणि मासिक वाचत होती.

"नवीन आणल्यात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आता कोणी उगाच बसून राहत नाही."

सातवं प्रकरण. खुर्चीवाला दात न दाखवताच घरी आला.

त्याच दिवशी प्रकाशकाचा फोन आला. "लेखकमहाशय, मी तुमची कादंबरी भविष्यकाळातली म्हणून घेतली. काल माझी बायको त्यातली छत्री घेऊन आली. आता मी काय छापू? किमती तेवढ्या कळवा, शेवटी तक्ता जोडू."

"कोणीतरी फोडतंय," खुर्चीवाला हळूच म्हणाला.

"कोण?"

"तेच बघतोय." तो थांबला. "तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत ना?"

पलीकडे जी शांतता झाली ती अपमानाची होती की अपराधाची, हे फोनवर कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी रंग बदलणारा फोन पाहिजे, असं त्याच्या मनात आलं आणि तो विचार त्याने घाईघाईने दाबून टाकला. न जाणो.

"शेवटच्या प्रकरणात," प्रकाशक म्हणाला, "एक तरी गोष्ट अशी द्या, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. नाहीतर राहू द्या. मी बागकामाचं पुस्तक काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. बायको बुटांच्या नाड्या बांधू लागली. सासऱ्यांनी ऐकण्यासाठी डोळे मिटले. खुर्चीवाला वर्तमानपत्र वाचत राहिला.

"आज वाचणार नाहीस?" बायकोने विचारलं.

"घसा बसलाय."

"मग किटलीला सांग, ती खाकरेल तुझ्यातर्फे."

हे ती सहज बोलली की मुद्दाम, यावर त्याने दुपारपर्यंत विचार केला. पुढचे काही दिवस त्याचा घसा बसलेलाच राहिला. तो लिहायला बसे, एक वाक्य लिही आणि वाट बघे. 'हं' येत नसे. मग तो तेच वाक्य उलटसुलट करून लिही. शेवटच्या प्रकरणात एक बाई दार उघडत होती. आठवडा झाला तरी तिचा हात कडीवरच होता.

आणि बायकोवर संशय घ्यायला जागा नव्हती असं नाही. ती नाटकांचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची. लोखंडी वाटणारं लाकूड, दगडी वाटणारा थर्माकोल, नायक बसला की मोडणारी आणि खलनायक बसला की न मोडणारी खुर्ची. नसलेली वस्तू असल्यासारखी उभी करणं हेच तिचं काम. घरी आली की हाताला सरसाचा वास येई. फोनवर बोले ते असलं: "हो, पण ती पहिल्याच अंकात नको फुटायला. सगळं ठरलंय तसंच झालं पाहिजे." पूर्वी त्याला हे ऐकून हसू येई. आता तो स्वयंपाकघरात पेला धरून उभा राही. पेल्यात काही नसे.

शेवटी त्याने गळ टाकायचं ठरवलं. तिघांना तीन वेगळे शेवट सांगायचे, प्रत्येकात एक वेगळी वस्तू घालायची. जी वस्तू बाजारात येईल, तिच्या धन्याची मान धरायची. ही युक्ती इतकी सोपी होती की ती त्याच्याआधी कोणाला सुचली नसेल असं त्याला खरंच वाटलं.

सासऱ्यांना त्याने बाल्कनीत गाठलं. "बाबा, शेवट सुचला. पण कोणाला सांगायचा नाही हं."

"मी कोणाला सांगणार?" ते म्हणाले. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या गृहस्थाला ते हात करत होते.

"एक उशी आहे. माणूस घोरायला लागला की ती त्याला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवते."

सासऱ्यांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "जावईबापू, हे माझ्याबद्दल आहे का?"

"नाही, नाही. भविष्यकाळातली उशी आहे."

"भविष्यकाळात मी घोरणार नाही असं थोडंच आहे!"

प्रकाशकाला त्याने दिवा सांगितला. कोणी खोटं बोललं की मंद होणारा. प्रकाशक म्हणाला, "माझ्या कचेरीत नका लावू, हिशेब बघता येणार नाहीत," आणि फोन ठेवला.

राहिली बायको. ती संध्याकाळी हातावरचा सरस खरवडत बसली होती. खुर्चीवाला समोर जाऊन बसला आणि अगदी सहज वाटावं म्हणून एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग पाय बदलला.

"शेवट ठरला," तो म्हणाला. "एक कपाट. माफी मागितल्याशिवाय न उघडणारं."

तिने वर बघितलं. "वाच ना."

"लिहिलं नाही अजून. नुसतं सांगतोय."

"तू कधी नुसतं सांगत नाहीस."

"आज सांगतोय."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा सरस खरवडू लागली. 'हं' म्हणाली नाही. 'बरं' म्हणाली. त्याने मनातल्या मनात तिच्या नावापुढे एक फुली मारली आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. म्हणून त्याने फुली तशीच ठेवली, पण बारीक केली.

मग बाजाराची टेहळणी सुरू झाली. गाद्यांच्या दुकानात जाऊन तो एकेका उशीवर डोकं टेकवी आणि घोरे. दुकानातला माणूस आधी बघत राहिला, मग त्याने इतर गिऱ्हाइकांना आवाज कमी करायला सांगितलं. दिव्यांच्या दुकानात तो प्रत्येक दिव्यासमोर उभा राहून खोटं बोलला. "मी कोणावर संशय घेत नाही," तो एका पितळी दिव्याला म्हणाला. दिवा होता तसाच राहिला. "माझं बायकोवर पूर्ण लक्ष आहे," तो दुसऱ्याला म्हणाला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की हे तर खरं होतं.

कपाटांच्या दुकानात जायची वेळ आलीच नाही. कपाट घरी आलं.

त्या सकाळी तो अंघोळ करून टॉवेल गुंडाळून खोलीत आला, तर जुन्या कपाटाच्या जागी नवीन कपाट. हिरवट राखाडी, भारदस्त, एखाद्या सरकारी इमारतीतून चालत आल्यासारखं. कडी नाही, मूठ नाही, कुलूप नाही. तोंडाच्या उंचीवर फक्त एक गोल पत्रा आणि त्यात चाळणीसारखी बारीक भोकं.

दारात बायको बूट घालून उभी होती. "नवीन आलंय," ती म्हणाली. "वापरून बघ. तुझे सगळे कपडे आत आहेत."

"हे कुठून आणलंस?"

"वापरल्याशिवाय लिहायचं नाही ना?" ती म्हणाली आणि कामावर निघून गेली.

खुर्चीवाल्याला आधी जे वाटलं तो आनंद होता, हे कबूल केलं पाहिजे. सापडली! फितूर सापडली! टॉवेल सावरत त्याने खोलीत एक विजयी फेरी मारली. मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि तो आनंद त्याच्या हातातून हळूहळू गळून गेला. कारण फितूर सापडली होती आणि ती तीच होती. उद्या सकाळी चहानंतर तो कोणाला वाचून दाखवणार होता? प्रकाशकाला? त्याने कपाट ओढलं, ढकललं, खालून बघितलं. माफी मागायचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या घरात चोरी होते तो कपाटाची माफी मागत नाही.

"बाबा, एक पँट द्या," तो बाहेर येऊन म्हणाला.

सासऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "देतो. पण खाली बसू नकोस. ती मीटर तपासायची पँट आहे, गुडघ्यातून वाकायची सवय आहे तिला."

पँट घोट्यांच्या बरीच वर संपत होती. तशाच अवस्थेत खुर्चीवाला किटलीच्या कंपनीत जाऊन धडकला. त्याला पुरावा हवा होता. बायको कधी आली, कोणाला भेटली, काय म्हणाली, ते सगळं. ते तिच्यासमोर ठेवून विचारायचं होतं: का?

किटली आखणारा तरुण बाहेर आला आणि त्याला बघून चक्क दोन्ही हात जोडून उभा राहिला. "सर! तुम्ही स्वतः!"

"नाव सांगा," खुर्चीवाला म्हणाला. "ही कल्पना तुम्हाला कोणी दिली? एक बाई होती ना? उंच, केस वर बांधलेले, हाताला सरसाचा वास?"

"बाई?" तरुण गोंधळला. "नाही सर. तुम्हीच दिलीत."

"मी तुम्हाला आयुष्यात भेटलो नाही."

"या ना, दाखवतो."

लांब खोलीत टेबलांवर अर्धवट किटल्या पसरल्या होत्या. एका कोपऱ्यात दोन माणसं कान लावून एका किटलीचं खाकरणं ऐकत होती. त्यातला एक म्हणाला, "अजून सर्दी वाटतेय." आणि समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं:

'किंचाळण्याऐवजी ही किटली नुसती खाकरली असती, तरी आम्ही उठून आलो असतो.'

खाली मासिकाचं नाव होतं. त्याखाली त्याचं.

"आमच्या जुन्या किटलीवर तुम्ही लिहिलं होतंत," तरुण म्हणाला. "आधी सगळे रडले. मग साहेब म्हणाले, माणूस उपाय सांगतोय तर करून बघू. छत्रीवाल्यांनाही तुम्हीच झापलं होतंत ना, की एवढ्याशा छत्रीत दोघं मावत नाहीत, निदान दीड माणसाची तरी करा? आणि त्या खुर्चीला तुम्ही म्हणालात, ही बसवत नाही, निरोप देते. त्यांनी तो निरोपच विकायला काढला. सगळे तुमच्या लेखांची वाट बघतात, सर. तुम्ही टोमणा मारता, आम्ही माल काढतो." त्याने आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात कशावर टोमणा आहे ते आधी कळलं तर..."

खुर्चीवाला खाली बसला. पँट गुडघ्यातून आपोआप वाकली.

म्हणजे हे असं होतं. महिन्याच्या महिन्याला एक चिडका माणूस वस्तूंना टोमणे मारून विसरून जात होता, आणि रोज दुसरा एक माणूस त्याच डोक्यात हात घालून तेच टोमणे नवीन म्हणून कादंबरीत लिहीत होता. दोघांची गाठ कधी पडली नव्हती. चोर घरातलाच होता. टॉवेलमध्ये होता.

घरी आल्यावर तो सरळ कपाटासमोर उभा राहिला.

"चुकलो," तो भोकांत म्हणाला.

काही झालं नाही.

"माफ कर. मी मूर्ख आहे. क्षमस्व. दिलगीर आहे." त्याने कपाटाला हलकेच थोपटलं. "सॉरी?"

सासरे दारात येऊन उभे होते. "जोरात बोल. जुन्या वळणाचं दिसतंय, कमी ऐकू येत असेल."

"मी तुझ्यावर संशय घेतला!" खुर्चीवाला ओरडला. "तू काहीही केलं नव्हतंस!"

"मी?" सासरे म्हणाले.

"तुम्हीसुद्धा, बाबा."

"माझ्यावर? कसला?" त्यांचा चेहरा उजळला होता. आजवर त्यांच्यावर असा संशय कोणी घेतला नव्हता.

तेवढ्यात बायको आली. तिने बूट काढले, त्याच्या पँटीकडे बघितलं, पुढे होऊन कपाटाच्या डाव्या अंगाला कोपराने ठोसा दिला. कपाट उघडलं.

"त्याला कान नाहीत," ती म्हणाली. "भोकं आहेत. ती मी ड्रिलने पाडलीत. गेल्या नाटकातलं पोलीस ठाणं मोडलं, त्याच्या भिंतीचं केलंय."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"बाबा जेवताना म्हणाले, शेवटी उशी आहे. तुझ्या प्रकाशकाने घरी फोन केला, म्हणाला, दिव्याचं प्रकरण कधी मिळेल. आणि मला तू कपाट सांगितलंस. मला मोजता येतं रे. म्हटलं, ह्याला चोर इतका हवाय, तर देऊ या एक."

"तुला माहीत होतं? लेखांचं?"

"मी तुझे लेख वाचते," ती म्हणाली. "कारखान्यात, सरस वाळेपर्यंत. मला वाटलं, तुला माहीत आहे. म्हटलं, स्वतःच्या लेखातून उचलतोय, उचलू दे बापडा, घरचंच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का? तुझा तर घसा बसला होता."

खुर्चीवाल्याने माफी मागितली. या वेळी भोकांत नाही, तिच्याकडे बघून, आणि ती त्याला कपाटापेक्षा फार कठीण गेली. तिने ती ऐकून घेतली. रागावलेलीही दिसत नव्हती. त्यानेच तो घाबरला.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "पण एक सांग. रोज सकाळी मी नाड्या बांधत ऐकायचे. निवांत ऐकायचे. मला त्यात काही शोधायचं नव्हतं. आता तू वाचशील, तेव्हा मला कसं कळायचं की हे कादंबरीतलं आहे की माझ्यासाठी लावलेलं आहे?"

याचं उत्तर कुठल्याच वस्तूकडे नव्हतं.

शेवटचं प्रकरण त्याने त्या आठवड्यात लिहिलं. कडीवरचा हात एकदाचा हलला. त्यात वस्तू नव्हतीच. शहरातली एक बाई एका माणसाला एक अवघड गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि तो माणूस खोलीत इकडेतिकडे बघत राहतो, की हे कोण बोललं, दिवा की टेबल. ते बरं झालंय की वाईट, हे त्याला अजिबात कळत नव्हतं.

"वाचू?" सकाळी चहानंतर त्याने विचारलं.

"वाच," बायको म्हणाली. "पण थांब. बाबा, डोळे उघडा आणि इकडे येऊन बसा."

"मी झोपलोय," सासरे म्हणाले आणि येऊन बसले.

मग तिने प्रकाशकाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. "ऐकताय ना? शेवट वाचतोय तो. तिघांना एकदम."

"ऐकतोय," फोन म्हणाला. "दिवा आहे ना यात?"

"उशी आहे," सासरे म्हणाले.

"काहीच नाही," खुर्चीवाला म्हणाला. तिघांपैकी कोणाचाही विश्वास बसल्यासारखा वाटला नाही.

तो वाचू लागला. पहिलं वाक्य संपलं आणि तो सवयीने थांबला. बायकोने एक बूट पायात घातला होता, दुसरा हातात होता. तिचा हात थांबलेला होता. पूर्वी असा हात थांबला की पाठोपाठ ते 'हं' यायचं. त्याने वाट बघितली.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग फोनकडे. "तुम्हाला काय ऐकू आलं?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. फोननेही.

"तेच," ती म्हणाली आणि नाडी बांधू लागली. "पुढे वाच."